सरकीचा श्वास

मी बोलते आहे आणि नातसून लिहून घेते आहे. ती पुण्याकडची. माझं 'मले' ऐकलं की तिची लेखणी अडखळते आणि कागदावर 'मला' उतरतं. उतरू दे. पण घरातली माणसं जशी बोलली तशीच लिहायची, असं मी तिला बजावलं आहे. ती माणसं गोड बोलत नव्हती, आणि त्यांना आता मेल्यावर गोड करून मला कोणाचं भलं करायचं नाही.

हे सगळं निघालं ते नातवामुळे. तो अमरावतीला शाळेत शिकवतो. परवा ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचत होता. झाडाची पेशी अशी, प्राण्याची पेशी तशी, हिला भिंत असते, तिला नसते, दोन्ही जिवंत, दोन्ही श्वास घेतात. मी तांदूळ निवडत होते. ऐकता ऐकता माझं डोकं असं तापलं की सूप बाजूला आपटलं. एवढं साधं! आता पोरांना फळ्यावर काढून दाखवतात! हेच कोणी त्या दिवशी आमच्या वलगावच्या अंगणात येऊन सांगितलं असतं, तर माझे थोरले दीर म्हातारे होऊन, नातवंडं खेळवून मेले असते. आणि माझा नवरा माझ्याशी बोलायचा थांबला नसता.

माझं माहेर मूर्तिजापूरकडचं. लग्न होऊन वलगावला आले तेव्हा कापसाचे दिवस होते. कुठल्याशा लांबच्या मुलुखात लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे आमच्या बोंडांना असा भाव आला की शहाणी माणसं खुळावली. ज्वारीची रानं मोडून लोकांनी कपाशी पेरली. आमच्या सासऱ्यांनी तर घरापुरता जोंधळाही ठेवला नाही. "कापूस इकू अन् ज्वारी आणू," म्हणायचे. सगळाच मुलूख ज्वारी विकत घ्यायला निघाला तर ती पिकवणार कोण, असं मी एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं. सासू म्हणाली, "लय तोंड हाये वं तुले. मायच्या घरी ठेवून याचं होतं." बरं. ठेवलं नव्हतं, ठेवणारही नव्हते.

घरामागे पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, आमचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी, वर तोंड एका माणसापुरतं अरुंद आणि खाली रांजणासारखं पोट. भोवतीने कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचं. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला ठाऊक. आत वाफ धरलेली असते. तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. माझा बाप तर दिवा सोडल्यावर तोंडाने रामनाम घ्यायचा आणि ते पुरं झाल्याशिवाय कोणाला कडेला फिरकू द्यायचा नाही.

पण त्या साली पेवात ज्वारी होतीच कुठे? रिकामं पेव कशाला ठेवायचं म्हणून सासऱ्यांनी त्यात सरकी भरली. रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या चरकावर, कापूस काढला की मागे उरतं ते बी म्हणजे सरकी. एरवी ती बैलांच्या पुढ्यात जायची. पण आता ज्याला त्याला कपाशीच पेरायची होती, तेव्हा सरकीलाही गिऱ्हाईक आलं. पेरणीच्या तोंडावर पेव उघडायचं असं सासऱ्यांनी ठरवलं. भरायच्या वेळी गाड्या अवकाळी पावसात सापडल्या होत्या. वरवर उन्हं दाखवली, आतली ओल तशीच राहिली. मी बोलले तर सासरे म्हणाले, "सरकी का ज्वारी हाये सडाले? दगडासारखी असते थे."

मृगाच्या आधी पेव उघडलं. दारात बाहेरगावच्या गाड्या उभ्या, माणसं बिड्या ओढत बसलेली, सासरे धोतराचा सोगा खोचून नुसते नाचत होते. फरशी सरकवली तसा आतून उष्ण, आंबूस वास आला. मी आणि माझी जाऊ दाराआड उभ्या होतो. थोरले दीर टोपली घेऊन पुढे झाले आणि मी दाराआडूनच म्हणाले, "दिवा सोडा म्हणा पहिले."

सासऱ्यांनी ऐकलं. चार पाहुण्यांसमोर सून बोलली याचाच त्यांना आधी राग आला. म्हणाले, "वाफ ज्वारीले असते, सरकीले नाई. अन् सरकीत दिवा? तिले कापसाची लव असते, तेल असते आतमंदी. ठिणगी पडली त फकाफका पेटन. समदा माल राख होईन, मंग देशीन का तू भरून?" माणसं हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? सरकी पेटते हे खरंच होतं. म्हणून तर मी पुढे म्हणाले, "मंग उघडं तरी राहू द्या संध्याकाळपावतर." त्यांनी थोरल्याच्या हातात दोरी दिली. गिऱ्हाईक ताटकळत होतं ना!

थोरले दीर हसऱ्या स्वभावाचे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लहानी भेते लय. आत्ता आलो पाह्य." कमरेला दोरी बांधली नाही, नुसती हातात धरून उतरले. खालून आवाज आला, "बाप्पा, गरम हाये लय!" मग टोपली घासल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

माझ्या नवऱ्याने हाक मारली. परत मारली. मग पागोटं भिरकावलं आणि दोरी पकडून पाय आत टाकला. त्या क्षणी मला काय झालं ते मलाही सांगता येत नाही. पदर पडला, सासरे, पाहुणे, कोणाची लाज राहिली नाही. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी घातली. तो मला ढकलत होता. मी त्याच्या दंडाला चावले. हो, चावले. रक्त आलं. तो लाथ मारत ओरडत होता, "सोड! माहा भाऊ हाये खाली! सोड, रांडे!" मी सोडलं नाही. पेवात उतरला तर हाही वर येणार नाही, एवढंच मला कळत होतं. का येणार नाही हे मला सांगता येत नव्हतं.

तोवर कोणीतरी विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणला. त्याने दिरांचं धोतर अडकवून त्यांना वर ओढलं. श्वास नव्हता. पण अंग ऊन होतं. चांगलं ऊन, ताप आल्यासारखं. आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

"अंग गरम हाये अजून!" सासू किंचाळली. "आत्ता जीव गेला याचा. आत्ता! या बयानं अडवलं नसतं त भावानं भावाले वर काढलं असतं!" झालं. तेच वाक्य गावभर झालं. मला दोन नावं मिळाली. एक पांढऱ्या पायाची, आणि दुसरं भाऊतोडी. गावच्या भगताने अंगात आणून सांगितलं की पेवाच्या राखणदाराला माणूस पाहिजे होता आणि त्याला जागवलं सुनेच्या अभद्र बोलण्याने. सासरे मान हलवत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी! दिवा सोडू नका म्हणणारा देवमाणूस, आणि सोडा म्हणणारी कैदाशीण.

लोकांचं मी कधीच मनावर घेतलं नसतं. पण नवरा बोलेना. मारलं नाही, टाकलं नाही, माहेरी धाडलं नाही. फक्त बोलेना. ताट वाढलं की जेवायचा. पाणी हवं असलं तर भिंतीला सांगायचा, "पानी पायजे." माझ्याकडे बघायचा तेव्हा दंडावरच्या वणाकडे त्याचा हात जायचा. मला एकच पाहिजे होतं, की खरं काय झालं ते त्याला कळावं. माफी नको होती. मी गुन्हाच केला नव्हता तर माफी कसली? त्याने एकदा तोंडाने म्हणावं, की तू मला वाचवलंस. पण पुरावा काय होता माझ्याकडे? बापाचा दिवा. आणि तो ज्वारीचा.

जाऊबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. आम्ही एका चुलीशी बसायचो, त्या थापायच्या, मी शेकायची. त्यांचं गप्प राहणं सासूच्या शिव्यांपेक्षा जड जायचं.

अशी काही वर्षं गेली. कापसाचा भावही तोवर धाडकन पडला. ज्या कापसासाठी एवढं झालं तो घरात पडून होता आणि त्याला उंदीर कुरतडत होते. तेव्हा मी पहिल्यांदा अकोल्याला गेले, माझ्या दादाकडे. दादा तिथे सरकारी दवाखान्यात कंपौंडर होता. गोरा डॉक्टर हौशी होता, त्याच्याकडे पितळेचं एक यंत्र होतं. त्यातून बारीक वस्तू मोठी दिसायची. डॉक्टर दौऱ्यावर गेला होता, आणि दादाला बहिणीसमोर मिरवायचं होतं.

त्याने कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. मी डोळा लावला. आधी नुसतं पांढरं दिसलं, मग एकदम विटांच्या भिंतीसारखं काहीतरी दिसायला लागलं. एकाला एक लागून बंद खणच खण.

"ह्या पेशी," दादा म्हणाला. नाव तेव्हा त्याने इंग्रजीच सांगितलं होतं, मी आता नातवाचं वापरते. "समदं झाड याचंच बनलेलं हाये. भायेर कडक भिंत, आतून पातळ कातडी, मधात रसाची थैली, अन् कडेला ठिपका दिसते का? थे तिचं केंद्र. कारभारी म्हण. समदा कारभार तिथून चालते."

मग त्याने काडीने माझ्या गालाच्या आतून थोडं खरवडलं, त्यात रंगाचा थेंब टाकला आणि तेही दाखवलं. इथे भिंती नव्हत्या. वेडेवाकडे, लुसलुशीत चपटे तुकडे, पण प्रत्येकात तोच ठिपका.

"हे मी हाओ?" मी विचारलं.

"तूच. पन तुही पेशी भिंतीबिगर असते. म्हणून तू वाकते, पळते, चावते." तो हसला. चावल्याचं त्यालाही माहीत होतं म्हणजे. मी डोळे वटारले तसा तो पुढचं दाखवायला लागला. कपाशीच्या पानाचा तुकडा दाखवला. त्यात खणाखणांत हिरवे दाणे होते, उन्हात तिथे झाडाचं अन्न तयार होतं म्हणाला. मग कापसाचा एक तंतू ठेवला. तो चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसला.

"हे एकच पेशी. सरकीच्या सालावरची एक पेशी लांबत लांबत एवढी झाली. बोंड फुटलं की आतला रस आटते, जीव जाते, अन् पोकळ भिंत तेवढी राह्यते."

"म्हणजे कापूस मेलेला असते?"

"मेलेला. जित्ती असते थे सरकी."

त्याने भिजलेली सरकी सोलली. आत घडी घालून ठेवलेली दोन इवलीशी पानं. त्यांची चकती कापून दाखवली. पुन्हा तेच खण, पण गच्च भरलेले. "बी झोपलेलं असते, मेलेलं नसते," दादा सांगत होता. "एकएक पेशी हळूहळू श्वास घेते, आपल्यासारखाच. हवेतलं चांगलं घेते अन् खराब सोडते. ओल लागली का भराभरा घेते. मंग गरम होते. ढीग मोठा असला त हात ठेववत नाई एवढं गरम होते. अन् जागा बंद असली त सारी चांगली हवा खाऊन टाकते. खराब हवा जड, थे तळाले बसते. तिथं दिवा तगत नाई अन् मानूस बी नाई."

मी यंत्रापासून मागे झाले. मी दादावर ओरडले. "हे तुले कवापासून माहीत हाये?" तो गांगरला. झाली होती त्याला दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस दर दिवाळीला मला लुगडं घेऊन येत होता, माझ्या नवऱ्याबरोबर मुकाट्याने जेवत होता, आणि हे पोटात घेऊन बसला होता! "मले का माहीत पेवात सरकी होती? तू पेव म्हणली, मी ज्वारीचंच समजलो," तो म्हणाला. खरंच असेल. पण त्या वेळी मला त्याचं खरंखोटं ऐकायचं नव्हतं. अंग गरम होतं. दिरांचं अंग गरम होतं ते जीव आत्ता गेला म्हणून नव्हे. सरकीने तापवलं होतं त्यांना. त्या एका गरम अंगावर माझा सगळा संसार जळाला, आणि ती ऊब त्यांची नव्हतीच.

मला दिवा सोडायचा हे ठाऊक होतं, कारण ठाऊक नव्हतं. आणि कारण नसलं की बाईचं बोलणं म्हणजे कावकाव.

वलगावला आले ती तडक कामाला लागले. दोन सारखे रांजण घेतले. एकात तळाशी सरकी घालून पाणी शिंपडलं. दुसरा कोराच ठेवला. दोन्हींच्या तोंडावर परात पालथी घालून कडेने माती लिंपली. सासूने विचारलं, काय आहे? म्हटलं, पापड. दोन दिवस ते ओसरीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी सगळे पुरुष न्याहारीला घरी असताना मी दिवा पेटवून दोरीला बांधला आणि मोठ्याने म्हणाले, "सरकीत दिवा सोडून राह्यली मी."

सासरे हातातली भाकरी टाकून धावत आले. "येडी झाली का वं तू! घर पेटवतं का?" तेच मला पाहिजे होतं. मी नुसती बोलवायला गेले असते तर ते आले नसते. सरकी म्हटल्यावर आले. मागून नवरा आला. सासू आली. जाऊबाई चुलीपुढून उठून दारात उभ्या राहिल्या.

मी कोऱ्या रांजणाची परात काढली आणि दिवा आत सोडला. तेवत राहिला. रांजणाची आतली बाजू उजेडात पिवळी दिसत होती. तो वर काढला. दुसऱ्या रांजणाची परात सरकवली. तोच आंबूस वास. सासूने नाकाला पदर लावला. तिलाही आठवला तो. मी दिवा हळूहळू खाली सोडला. रांजणाच्या गळ्याखाली गेला आणि कोणी चिमटीत धरावा तसा विझला.

"वारा लागला," सासरे म्हणाले.

"रांजनात वारा?" मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्या हातातून दोरी घेतली. स्वतः दिवा पेटवला, स्वतः सोडला. विझला. मग कोऱ्या रांजणात सोडला, तेवला. पुन्हा सरकीच्या रांजणात सोडला, विझला. मग त्याने हात आत घालून सरकीत खुपसला आणि झटकन बाहेर काढला. त्याचा चेहरा उतरला.

"गरम हाये," तो म्हणाला.

मी दादाने सांगितलेलं सगळं सांगितलं. पेशी, त्यांचं श्वास घेणं, तापणं, सगळं. आवाज चढवून सांगितलं, थांबत थांबत नाही. तुमी मेलेल्या कापसापायी वेडे झाले अन् जित्त्या सरकीले दगड म्हणले, असंही म्हणाले. नवरा रांजणाकडेच बघत होता. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"मी उतरलो असतो त?"

"त आज या घरात दोघींचं कपाळ पांढरं राह्यलं असतं," मी म्हणाले. "अन् गळानं दोन मुडदे वर आले असते."

तो खाली बसला. भिंतीला टेकून, डोकं गुडघ्यात घालून बसला. मला वाटलं होतं हा क्षण आला की माझा राग शांत होईल. छे! उलट भडकला. एवढंच होतं? दोन रांजण आणि एक दिवा? एवढ्यासाठी वर्षानुवर्षं मी भिंतीशी बोलणाऱ्या माणसाला जेवू घालत होते?

सासरे अजून उभेच होते. ओठ हलत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. त्यांनी रांजणात वाकून बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पन त्या टायमाले दिवा सोडला असता त सरकी पेटली असती ना."

जाऊबाई दारातून पुढे आल्या. नवरा गेल्यापासून त्या सासऱ्यांपुढे कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"मंग पेटू द्याची होती, मामंजी," त्या म्हणाल्या. "पेटू द्याची होती."